आधी यम, मग आसन

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी एक म्हण आपल्याकडे फार दिवसांपासून चालत आली आहे. ती ज्या पाणक्याच्या अनुभवातून निघाली, तो रुग्णालयाच्या व्यवस्थापक मंडळावर कधी बसला नसावा. परंतु परिचारिकांच्या मानसिक ताणावर आजकाल जी उपाययोजना चालली आहे, तिचे वर्णन त्याच्याइतके चोख दुसऱ्या कोणास साधणार नाही. १२ मे हा परिचारिका दिन आणि २१ जून हा योगदिन. हे दिवस जवळ आले की रुग्णालयाच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या जातात, योगशिक्षकांस पाचारण होते, श्वास कसा घ्यावा व कसा सोडावा हे परिचारिकांस समजावून दिले जाते, छायाचित्र निघते, आणि ताणाचा बंदोबस्त झाला अशा समजुतीने मंडळी चहा घेऊन पांगतात. या समजुतीविरुद्ध आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

योगाविरुद्ध आमची तक्रार नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. पुणे जिल्ह्यात राहून ती करणे हा कृतघ्नपणाच होईल. मुळशीला लागून असलेल्या मावळ तालुक्यात, लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसने व प्राणायाम यांचा शरीरावर काय परिणाम होतो हे श्रद्धेवर न सोडता क्ष-किरणांनी व रक्तदाबाच्या यंत्राने तपासून पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. त्या मार्गाने पुढे पुष्कळ काम झाले. दीर्घ व संथ श्वसनाने हृदयाची गती मंदावते व मन स्थिर होण्यास साहाय्य होते, याविषयी आता फारसा वाद राहिलेला नाही. खुद्द परिचारिकांवरही प्रयोग झाले आहेत. चीनमधील १२० परिचारिकांवर केलेला असा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिने नियमित योगाभ्यास करणाऱ्यांची झोप सुधारली व कामाचा ताण कमी झाल्याचे आढळले. हे सर्व आम्हांस मान्य आहे. तथापि त्या प्रयोगातील एक बारीक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी: तो योगाभ्यास पाळी संपल्यावर होत असे. म्हणजे ताण दिला कामाने आणि तो उतरविण्यास वेळ मोडला परिचारिकेने.

आता मुळशीकडे वळू. चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट, पौड करीत धरणाकडे जाऊ लागले की रस्त्याच्या दोन्ही अंगांस शांतीची दुकाने लागतात. कोठे योगशिबिर, कोठे आरोग्यधाम, कोठे तळ्याकाठी मौनाची व्यवस्था. शहरातले थकलेले गृहस्थ शनिवार-रविवार येथे येतात, पहाटे सूर्यनमस्कार घालतात, सह्याद्रीची हवा खातात आणि सोमवारी ताजेतवाने होऊन कामावर रुजू होतात. त्यांचा आम्हांस हेवा नाही. परंतु त्याच रस्त्यावर पौडास ग्रामीण रुग्णालय आहे, आणि त्याच तालुक्यातील भातखाचरांच्या गावांतून मुली परिचर्येचे शिक्षण घेऊन नोकरीस लागतात. ताण घालविण्याचे जे औषध त्या गृहस्थास लागू पडते, तेच या मुलीस लागू पडेल, असे गृहीत धरण्यात मोठा घोटाळा आहे. गृहस्थास विश्रांती मिळते. तिच्या जोडीस तो प्राणायाम करतो. परिचारिकेस विश्रांतीच्या जागी प्राणायाम देऊ केला जातो.

रात्री वॉर्डाचा ताबा घेणाऱ्या परिचारिकेपुढे काय वाढून ठेवलेले असते, ते पाहा. पंचवीस-तीस खाटा. कोणाचे सलाईन संपत आलेले, कोणास ठरल्या वेळी इंजेक्शन द्यावयाचे, कोणाचा रक्तदाब तासातासाने पाहावयाचा. शस्त्रक्रिया होऊन आलेल्या रोग्याच्या नाडीवर एक डोळा, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याच्या धापेवर दुसरा. प्रत्येक गोष्टीची नोंद. मध्येच नवा रोगी दाखल होतो. त्याच्याबरोबर सात नातलग, आणि सातांचे आठ प्रश्न. पहाटे कोणी दगावला तर तो देह स्वच्छ करावयाचा, नातलगांस धीर द्यावयाचा, आणि हे करीत असता शेजारच्या खाटेवरील इंजेक्शनची वेळ टळून गेलेली असते. पुष्कळ ठिकाणी एवढ्या पसाऱ्यात ती एकटी वा फार तर दुकटी असते. अशा बाईस ताण येतो तो तिला श्वास घेता येत नाही म्हणून की काय? श्वास घेण्यास तिला उसंत मिळत नाही, हे साधे सत्य दिसण्यास दिव्यदृष्टी लागत नाही.

हे आम्ही केवळ भावनेच्या भरात लिहीत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे एक रोगी वाढला की तिची उमेद खचून जाण्याचा संभव २३ टक्क्यांनी वाढतो आणि शस्त्रक्रिया झालेला रोगी महिन्याभरात दगावण्याचा संभव ७ टक्क्यांनी वाढतो, असे त्यातून दिसले. हा आकडा वाचकांनी पुन्हा वाचावा; कारण त्या खाटेवर उद्या तुमची-आमची माणसे असणार. कॅलिफोर्नियाने १९९९ साली कायदा करून एका परिचारिकेकडे किती रोगी असावेत याची कमाल मर्यादा घातली व २००४ पासून ती अमलात आणली. आपल्याकडेही भारतीय परिचर्या परिषदेने मान घालून दिलेले आहे: शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तीन रोग्यांस एक परिचारिका, सामान्य रुग्णालयांत पाचांस एक, शिवाय रजेच्या बदलीसाठी ३० टक्के अधिक. वाचकांपैकी ज्यांचा आप्त अलीकडे रुग्णालयात होता, त्यांनी हे प्रमाण आपल्या आठवणीशी ताडून पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली या खचण्याची व्याख्या करताना त्याचे मूळ कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणात दाखविले. मूळ कामाच्या ठिकाणी, आणि मात्रा मात्र परिचारिकेच्या नाकपुडीत!

परंतु ज्यांस योगाचा एवढा अभिमान आहे, त्यांच्याशी आपण योगशास्त्राच्याच भाषेत बोलू. पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांत आसन तिसरे आणि प्राणायाम चौथा. पहिले अंग यम. ते मनुष्याने इतरांशी कसे वागावे याविषयी आहे, आणि त्यात अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह ही पाच व्रते येतात. रुग्णालयाच्या चालकांनी पहिली दोन अंगे ओलांडून तिसऱ्यावर उडी कां मारावी? आमच्या मते कारण उघड आहे: आसन परिचारिकेने करावयाचे असते, यम मात्र चालकांस पाळावा लागतो.

अस्तेय म्हणजे चोरी न करणे. दोन जणींचे काम एकीकडून करून घेऊन एकीचेच वेतन देणे, पाळी संपल्यावर बदली आली नाही म्हणून तिला तशीच थांबवून घेणे, आणि वर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी योगवर्गास हजर राहण्याची सक्ती करणे, यास दुसरे नाव काय द्यावे? सत्य म्हणजे कागदावर असेल तेच वॉर्डात असणे. तपासणीच्या दिवशी भरलेली हजेरी आणि एरवीची हजेरी यांत अंतर पडत असेल, तर तेथे सत्याचे आसन डळमळले असे समजावे. अहिंसेविषयी तर बोलावयासच नको. वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांस तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजार रुपयांपर्यंत दंड सांगणारा कायदा महाराष्ट्रात २०१० साली झाला. परंतु मध्यरात्री चिडलेल्या जमावापुढे प्रथम उभी राहते ती परिचारिकाच, आणि कायद्याचे पुस्तक काही तिच्या शेजारी उभे राहत नाही. तेथे पहारेकरी लागतो. चौथ्या व्रताविषयी चालकांस विचारण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. पाचवे अपरिग्रह. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली सांगितले की, २०० हून अधिक खाटा असलेल्या रुग्णालयाने राज्य सरकारच्या परिचारिकेइतके वेतन द्यावे, आणि ५० हून कमी खाटा असल्या तरी ते दरमहा २० हजारांच्या खाली नसावे. ही शिफारस होती. तिला योगदिनाइतका उत्साह कोठे लाभल्याचे आमच्या पाहण्यात नाही. सरकारनेही आपले हात स्वच्छ समजू नयेत. कंत्राटी भरतीच्या विरोधात महाराष्ट्रातील सरकारी परिचारिकांस २०२२ च्या मे महिन्यात संपावर जावे लागले. उद्या नोकरी राहील की नाही ही धास्ती ज्या मनात आहे, ते शवासनात कितपत स्थिरावेल?

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, परिचारिका मिळतच नाहीत, तेव्हा संख्या वाढवावी कशी? ही टंचाई जुनी आहे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात सुमारे ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका असा हिशेब आहे. परंतु आज आपल्या देशात शिकलेल्या परिचारिका आखातात, इंग्लंडात व इतरत्र हजारोंनी काम करीत आहेत. तेव्हा परिचारिका मिळत नाहीत की आपल्याकडे टिकत नाहीत, हा प्रश्न आधी सोडवावा.

दुसरा आक्षेप अधिक मानभावी आहे. परिचर्या हे सेवाव्रत, तेथे तासांचा व पैशांचा हिशेब कसला? हे बोलणाऱ्यांनी पुण्याचाच इतिहास आठवावा. १९०९ साली येथे सेवासदन निघाले. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या त्या संस्थेने आपल्या घरांतील मुली व विधवा ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्यास धाडल्या, तेव्हा अनेक पांढरपेशा घरांनी नाके मुरडली होती. तो समाज त्या कामास हलके म्हणे. आजचा त्यास पवित्र म्हणतो. परंतु हलके म्हणून पैसे कमी देणे आणि पवित्र म्हणून पैसे कमी देणे, यांत घेणाऱ्या हाताला फरक तो काय पडावा? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेही आम्ही असेच करून ठेवले आहे. त्यांच्या हातातला दिवा आम्हांस आठवतो. क्रिमियातील मृत्यूंचे तक्ते मांडून गटारे, हवा व व्यवस्था सुधारा असे सरकारास बजावणारी त्यांची लेखणी आम्ही विसरतो. परिचारिकांनी मन खंबीर करावे म्हणजे झाले, असे म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत.

तिसरा आक्षेप असा की, व्यवस्था सुधारेल तेव्हा सुधारेल, तोवर थोडा योग झाला तर बिघडले कोठे? बिघडते ते येथे. योगवर्ग झाला की ताणाविषयी काही केले असे समाधान चालकांस मिळते, आणि एवढे करूनही परिचारिका त्रासलेली दिसली तर दोष तिचा ठरतो: ती वर्गास नीट येत नाही, घरी सराव करीत नाही. व्यवस्थेचे पाप अशा रीतीने व्यक्तीच्या पदरात बांधले जाते. म्हणून ‘तोवर’ या शब्दाचे आम्हांस भय वाटते.

मग योग रुग्णालयात येऊच नये काय? अवश्य यावा, पण क्रमाने यावा. वॉर्डात माणसे मानाप्रमाणे असावीत, पाळी वेळेवर सुटावी, रात्रीच्या पाळ्यांनंतरची सुट्टी सुट्टीच असावी, दारात पहारा असावा, वेतन ठरल्या दिवशी पूर्ण मिळावे. इतके झाल्यावर कामाच्या वेळात, त्या अवधीपुरती बदली परिचारिका देऊन, ज्यांस इच्छा असेल त्यांच्यासाठी वर्ग चालवावा. तसा योग आम्हांस शिरसावंद्य आहे.

आणि वाचकहो, हे केवळ चालकांनी करावयाचे नाही. विश्वस्त मंडळांवर आपल्यापैकीच लोक बसतात, देणग्या आपणच देतो. रुग्णालयात गेल्यावर आपण भिंतीवरचा संगमरवर पाहतो, यंत्रांची नावे विचारतो. या वॉर्डात रात्री किती परिचारिका असतात, हे मात्र विचारीत नाही. पुढच्या खेपेस तेवढे विचारावे. एकाने विचारले तर चालक हसतील, शंभरांनी विचारले तर त्यांस उत्तर द्यावे लागेल. आणि उत्तर देणे भाग पडले, की यमाचा पहिला पाठ सुरू होईल.