मंडई स्टेशन, गुरुवार पेठ आणि एक कप चहा

सुट्टीला वैरागला आलोय. ओसरीवर लॅपटॉप उघडून बसलोय आणि शेजारी अण्णा आल्यागेल्याला पुण्याच्या मेट्रोची गोष्ट सांगतायत. सकाळपासून चौथ्यांदा ऐकली. त्यामुळे या वीकांताचा विषय आपोआप ठरला.

आमच्या वैरागला रेल्वे नाही. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली आली ती कुर्डुवाडीहून बार्शीला. तिथून पुढे लातूरकडे गेली, दुसऱ्या अंगाला पंढरपूर-मिरजेकडे गेली, आम्ही मात्र एसटीच्याच भरवशावर. तेव्हा नदीच्या खालून गाडी जाते म्हटल्यावर ऐकणारे काका पान खायचं थांबले, यात नवल नाही. "पाणी गळत न्हाई का?" असा रास्त प्रश्न त्यांनी विचारला.

अण्णांनी तीसेक वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण ते पूर्ण तास लावून सांगायचे. १८९० साल. पुण्याच्या गुरुवार पेठेतल्या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गावातली बडी मंडळी जमली. टिळक होते, रानडे होते, गोखले होते. नंतर चहा आला. कुणी प्यायला, कुणी नुसता हात लावून ठेवला. पण बोलावणाऱ्यांत गोपाळराव जोशी होते (डॉ. आनंदीबाईंचे यजमान, भयंकर खोडसाळ माणूस). हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य सुरू झालं. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं आणि सुधारकांचीच बोलणी खाल्ली. एका कपासाठी! वर्गात अण्णा कपबशी धरल्याचा अभिनय करायचे तो मला अजून आठवतो.

आणि एवढं शिकवलेल्या माणसानं पंचहौद कधी पाहिलंच नव्हतं. पुण्याला माझ्याकडे दरवर्षी येतात. पण मी राहतो पिंपरीला, आणि पेठांत गाडी घालायची म्हणजे पार्किंग शोधण्यातच अर्धा दिवस. शिवाय अण्णांचे गुडघे. "पुढच्या वेळी" असं म्हणत दहा वर्षं गेली.

२९ सप्टेंबर २०२४ ला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि माझी सबब संपली. तरी वेळ लागलाच. गेल्या महिन्यात एका रविवारी निघालो. पिंपरीला लिफ्टनं वर, दापोडी-खडकी उन्हात, रेंजहिल्सच्या पुढे गाडी जमिनीत शिरली. सिव्हिल कोर्ट सुटल्यावर मी म्हटलं, "अण्णा, वर आता मुठा आहे." ते एकदम गप्प झाले आणि त्यांनी वर छताकडे पाहिलं. पुढे कसबा पेठ, म्हणजे डोक्यावर कुठेतरी शनिवारवाडा. मग मंडई. लिफ्टनं वर. अर्ध्या तासाच्या आसपास लागला असेल, आणि एकही पायरी चढावी लागली नाही.

बाहेर येताच मास्तर जागे झाले. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या मंडईच्या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर खर्च करा म्हणाले होते. १८८६ मध्ये तिला नाव मिळालं गव्हर्नर रे यांचं, पुढे ती फुल्यांच्याच नावाची झाली. "आणि आता स्टेशनलाबी तेच," असं म्हणून अण्णा मनापासून हसले.

इथपर्यंत सगळं झकास. खरी परीक्षा पुढच्या जेमतेम एका किलोमीटरची होती.

तुम्ही-मी ते अंतर दहा-बारा मिनिटांत काटतो. आम्हाला चाळीस लागली. हातगाड्या, फुटपाथवर चढवलेल्या दुचाक्या, आणि दोन मिनिटं टेकायला एका बंद दुकानाची पायरी. पंधरा-सोळा किलोमीटर माणसाला फुलासारखं आणायचं आणि शेवटच्या किलोमीटरला सोडून द्यायचं, हे म्हणजे सॉफ्टवेअर प्रॉडक्शनला टाकून लॉगिनची स्क्रीनच विसरण्यासारखं आहे :)

आमच्या टीममध्ये मेट्रोचा विषय निघतो तो ऑफिसला किती मिनिटं वाचतात एवढ्यापुरताच. माझं म्हणणं वेगळं आहे. ऑफिसला आपण कसेही पोचतो, बाइकवरून, कंपनीच्या बसनं, शिव्या घालत. पण जुनं शहर ज्यांना खरोखर वाचता येतं त्यांचेच गुडघे गेलेले असतात. पेठांखालची मेट्रो त्यांच्यासाठी सगळ्यात मोलाची आहे. तेव्हा स्टेशनपासून शनिवारवाड्यापर्यंत, विश्रामबागवाड्यापर्यंत, पंचहौदपर्यंतचा रस्ता हा मेट्रोचाच भाग धरून बांधला पाहिजे. मोकळा फुटपाथ, दर दोनशे मीटरला बाक, आणि चालायला किती मिनिटं लागतील ते सांगणारा नकाशा. तुमच्यापैकी जे ऑनसाइटला लंडनला राहून आलेत त्यांनी असे नकाशे रस्त्यारस्त्यावर पाहिलेत, पाच मिनिटांच्या चालीचं वर्तुळ आखलेले. तिथं आपण सेंट पॉल्स स्टेशनला उतरून कॅथेड्रलसमोर फोटो काढतो. गुरुवार पेठेतल्या चर्चचं नाव मात्र आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? मलाही त्या दिवशीच कळलं : पवित्र नाम देवालय.

प्रार्थना संपून गेली होती. आवारातल्या एका काकांना विचारलं, त्यांनी अस्सल पुणेरी मराठीत आधी चौकशी केली आणि मग आत नेलं. उंच छत, गारवा, लाकडी बाक. अण्णा पहिल्याच बाकावर टेकले. बाहेर ते उंच घंटाघर. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या इथल्याच वाँटेजच्या सिस्टर्सच्या ओळखीनं, हे त्यांनी काकांना सांगितलं. काकांना ते अर्थातच माहीत होतं.

"आणि चहा कुठं दिला असंल हो?" अण्णांनी शेवटी विचारलंच. काका म्हणाले, "ते काही सांगता येणार नाही. पण आता घेणार का?"

घेतला. दोन्ही हातांनी कप धरून, अगदी सावकाश.

परत येताना रिक्षा केली, स्टेशनपर्यंत. रिक्षातच पुढची मागणी आली : क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च, १७९२ चं, सवाई माधवरावांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी जागा दिलेलं. तिथं मेट्रो जाते का, हे अण्णा आत्ताही विचारतायत. दारात नाही जात. मंडईला उतरून रिक्षाच करावी लागेल, असं मी सांगितलंय.