लॅव्हेंडरचा फवारा आणि चौदा नियम



साठी ओलांडलेल्या बाईने सेंटच्या बाटलीवर लेख लिहावा का, असं काही जणींना वाटेल. पूर्ण वाचा आणि मग ठरवा.

गेल्या संक्रांतीला आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. हे जाऊन तीन वर्षं झाली, तरी मला आवर्जून बोलावलं, त्याचं कौतुकच आहे. तिळगूळ मिळाला, वाणही मिळालं. अत्तराची डबी मात्र माझ्यापर्यंत आली आणि पुढे सरकली. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, हात सवयीने पुढे गेला. पण मी घरी आले ती तोच विचार करत.

पुढच्या महिन्यात सूनबाईबरोबर ठाण्याच्या मॉलमध्ये गेले होते. तिथल्या मुलीने मनगटावर एक फवारा मारला. ‘लॅव्हेंडर आहे आंटी, लेडीज-जेंट्स दोघांनाही चालतो.’ मी वास घेतला आणि गप्पच झाले. ह्यांच्या दाढीनंतरच्या लोशनला अगदी असाच वास यायचा.

घरी येऊन थोडं वाचलं, तेव्हा त्याचं कारण कळलं. १८८२ साली फ्रान्सच्या ऊबिगां कंपनीने ‘फुजेर रॉयाल’ नावाचा सेंट काढला. त्यात लॅव्हेंडरला कूमरिनची जोड दिली होती. कूमरिन म्हणजे वाळलेल्या गवतासारखा गोडसर वास. ही जोडी पुढे दाढीच्या साबणात आणि आफ्टरशेव्हमध्ये गेली आणि लॅव्हेंडर ‘पुरुषी’ ठरलं. तिकडे इंग्लंडमध्ये मात्र तेच फूल बायकांच्या पावडरीत आणि कपाटातल्या कपड्यांत होतं. म्हणजे वास एकच, फक्त चिठ्ठी वेगळी. १९९४ साली ‘सीके वन’ आला, तेव्हापासून ‘युनिसेक्स’ शब्द दुकानांत जास्त ऐकू येऊ लागला. पण आपल्याकडे खस, गुलाब, मोगरा ही अत्तरं बाया आणि पुरुष दोघंही पूर्वीपासून लावत आले आहेत. त्यात नवीन काही नाही.

आता हा वास टिकतो कसा ते सांगते. सकाळी मनगटावर एक फवारा मारून मी स्लो लोकल पकडली. डोंबिवली सुटताना वास थंड आणि तिखट होता, थोडा कापरासारखा. कोपर-दिव्यापर्यंत तो तसाच राहिला. मुंब्रा येईपर्यंत तिखटपणा ओसरला आणि धुतलेल्या सुती चादरीसारखा वास यायला लागला. ठाण्याला उतरताना खालचा गोडवा वर आला, व्हॅनिला आणि लाकडाचा. दुपारी तीनला मनगट नाकाशी नेलं तरच कळत होता. पदराला मात्र दुसऱ्या दिवशीही मंद वास होता.

असं होण्याचं कारण साधं आहे. लॅव्हेंडरच्या तेलात मुख्यतः लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट हे हलके घटक असतात, ते लवकर उडून जातात. धण्याच्या तेलातही मुख्य घटक लिनालूलच असतो, त्यामुळे मला हा वास कुठेतरी ओळखीचा वाटला. उडणाऱ्या वासाला धरून ठेवायला खाली जड वास घालतात: कूमरिन, व्हॅनिला, लाकूड आणि मस्क.

मस्क म्हटलं की आपण थांबायचं. मस्क म्हणजे कस्तुरी, आणि ती नर कस्तुरीमृगाच्या पोटाजवळच्या ग्रंथीतून काढायचे. त्यासाठी बहुधा त्याला मारूनच टाकत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या हरणाला संरक्षण आहे. जवादी मांजराच्या ग्रंथीतला स्रावही सुगंधात वापरत आले आहेत. सुदैवाने १८८८ साली आल्बेर्ट बाउर या रसायनशास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत कृत्रिम मस्क सापडला, आणि आज बाजारातल्या सेंटमधला मस्क बहुतेक कृत्रिमच असतो. तरीही विचारल्याशिवाय मी घेतला नाही. मुलाने कंपनीला ईमेल केली. प्राण्यापासून काढलेला एकही घटक नाही, असं लेखी उत्तर आलं, तेव्हाच बाटली घरात आली. तुम्हीही विचारा. विचारणाऱ्या बायका वाढल्या की कंपन्या बाटलीवरच छापतील.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे लॅव्हेंडर आता आपल्या देशातही पिकतं. जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भद्रवाहला, सीएसआयआरच्या अरोमा मिशनमुळे मक्याची शेती करणारे शेतकरी लॅव्हेंडरकडे वळले आहेत. त्याला ‘जांभळी क्रांती’ म्हणतात. माझ्या बाटलीतलं तेल तिथलं आहे असा माझा दावा नाही, पण वाचून बरं वाटलं.

मी बी.कॉम. झालेली, हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. ५० मिलीची बाटली १,८०० रुपयांना पडली. एका फवाऱ्यात अंदाजे ०.१ मिली धरलं, तर ५०० फवारे होतात. म्हणजे एका फवाऱ्याला ३ रुपये ६० पैसे. गजरा याहून महाग पडतो, आणि फुलं तोडावी लागतात ती वेगळीच.

आता मूळ मुद्दा. आपल्या चौदा नियमांत ‘कुसुम’ आणि ‘विलेपन’ आहेत, म्हणजे वास घेण्याच्या आणि अंगाला लावण्याच्या वस्तू. आज किती वापरणार, याची मर्यादा रोज सकाळी आपली आपण ठरवायची. हे नियम श्रावकाला आणि श्राविकेला सारखेच आहेत. नवरा हयात असेल तर एक मर्यादा आणि नसेल तर दुसरी, असं त्यात कुठेही नाही. त्याग करायचा तर तो आपण करायचा. कोणीतरी डबी पुढे सरकवली म्हणून आपलं मनगट कोरडं राहिलं, तर तो त्याग नाही. ती नुसती रूढी आहे, आणि तिचं पुण्य कोणाच्याच खात्यात जमा होत नाही.

‘आता या वयात कोणासाठी लावायचं?’ असं माझ्या नणंदेने विचारलं. मी म्हटलं, ‘वन्सं, तुम्ही चहात वेलदोडा कोणासाठी घालता?’ त्या हसल्या आणि त्यांनी मनगट पुढे केलं.

माझी मर्यादाही सांगून ठेवते. दिवसाला एक फवारा, तोही बाहेर जायचं असेल तरच. देरासरात किंवा सामायिकाला बसताना नाही. पर्युषणात बाटली कपाटात. गर्दीच्या लेडीज डब्यात आपला वास दुसरीच्या नाकात घुसता कामा नये, कोणाला दमा असतो, कोणाचं डोकं दुखतं. वाऱ्याने एमआयडीसीचा वास घरात आला की आपण डोंबिवलीकर किती वैतागतो! नको असलेला वास कसा वाटतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

या संक्रांतीला अत्तराची डबी माझ्याकडे असणार आहे. सोसायटीत सांगून ठेवलंय, लावायचं काम मी करणार. समोर येईल त्या प्रत्येक बाईला विचारणार, ‘लावू का?’ ती नको म्हणाली तर तो तिचा नियम. पण विचारल्याशिवाय कोणालाही ओलांडून पुढे जाणार नाही. तुमच्याकडे हळदीकुंकू असेल तर तुम्हीही एवढं करून बघा.

लिहिताना कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.