गोधडी कोणासाठी?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण तुम्ही मागच्या इयत्तेत शिकलात. उर्दूत आपण हेच चादरीबद्दल म्हणतो. खर्च बेताने करावा, असा तिचा अर्थ तुम्ही वहीत लिहिला असेल. मीही वर्गात तोच अर्थ सांगतो. पण ज्याच्याजवळ अंथरूणच नाही, त्याने पाय कसे पसरावेत, हा प्रश्न कोणत्याही परीक्षेत येत नाही. मलाही तो कधी सुचला नव्हता. एका फलाटावर एका मुलाने मला त्याच्या जवळ नेऊन उभे केले.

खानदेश म्हटले की लोकांना ऊन आठवते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, हे खरेच आहे. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून वारे सुटले की धुळ्यात तोच पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली. ज्यांना घर आहे त्यांना ही थंडी सुखाची वाटते. अंगणात शेकोटी पेटते, वांग्याचे भरीत होते, कळण्याची भाकरी होते आणि रात्री पांघरायला पेटीतली गोधडी बाहेर निघते.

'गोधडी' हा शब्द तुम्हाला परका वाटायला नको. उर्दूतली 'गुदडी' तीच. 'गुदडी का लाल' हा वाक्प्रचार तुम्ही वापरता, त्यातली गुदडी म्हणजे जुन्या कापडांचे थर एकावर एक ठेवून शिवलेले पांघरूण. वर आणि खाली जुनी साडी किंवा लुगडे, मध्ये विरलेल्या चादरी, धोतरे, अम्मीचे जुने दुपट्टे. आधी मोठे टाके घालून थर जागेवर बसवायचे, मग कडेपासून बारीक धावदोरा घालीत मध्यभागाकडे यायचे. जिथे कापड फाटलेले असेल तिथे ठिगळ लावायचे. आपण त्याला 'पैवंद' म्हणतो. थरांच्या मध्ये जी हवा अडकून राहते, ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड चादरीपेक्षा पाच पातळ कापडांची गोधडी अधिक उबदार असते.

अशी पांघरुणे केवळ महाराष्ट्रात आहेत असे नाही. बंगालमध्ये कांथा आहे, बिहारमध्ये सुजनी, सिंधमध्ये रल्ली. कर्नाटकात, गोव्याच्या सीमेजवळच्या जंगलात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्यात मुसलमान, ख्रिस्ती आणि हिंदू अशी तिन्ही कुटुंबे आहेत, पण गोधडी सर्वांची सारखीच. तिच्या चारही कोपऱ्यांवर ते कापडाच्या त्रिकोणी घड्या शिवतात. त्यांना 'फुले' म्हणतात. फुलांवाचून गोधडी उघडी समजली जाते. पांघरुणालाही पांघरूण हवे, ही कल्पना मला फार आवडली.

आपल्याकडे कापूस मुबलक. जळगाव आणि धुळे ही दोन्ही कापसाची गावे. पूर्वी थंडीच्या तोंडाशी पिंजारी दारोदार यायचे. खांद्यावर धनुष्यासारखे पिंजण, ज्याला उर्दूत धुनकी म्हणतात. जुन्या गादीचा दबलेला कापूस ते त्या तातीवर उडवीत आणि तो पुन्हा ढगासारखा फुलून येई. आता हे काम यंत्रावर होते. आमच्या मोहल्ल्यात असे एक दुकान आहे. त्याच्या मालकाने कापसाचे उरलेले पेळू फुकट देऊ केले, तेथूनच पुढची गोष्ट सुरू झाली.

एका हिवाळ्यात मोहल्ल्यातील सात-आठ बायकांनी मिळून बेघर मुलांसाठी गोधड्या शिवल्या. शिंप्यांकडून चिंध्या आणल्या, घरोघरी जुनी कापडे मागितली. दुपारची नमाज झाली की सगळ्या आमच्या ओसरीवर जमत. शाळा सुटल्यावर मीही बसे. माझे टाके इतके वाकडे जात की अम्मी म्हणाली, "अरे, ही गोधडी आहे, पायवाट नव्हे!" तरी महिनाभरात बारा गोधड्या झाल्या. आम्ही त्या घेऊन भुसावळला गेलो. मोठे जंक्शन आहे. चारी दिशांच्या गाड्या तेथे थांबतात, आणि घरातून निघालेली, हरवलेली, कोणी आणून सोडलेली मुलेही गाड्यांबरोबर तेथे येतात.

मुलांनी गोधड्या घेतल्या. आम्ही छायाचित्र काढले. (त्या छायाचित्राबद्दल पुढे बोलणार आहे.) निघताना दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने मला थांबवले आणि विचारले, "चाचा, ही दिवसा कुठे ठेवू?"

मला उत्तर देता आले नाही. खरेच, कुठे ठेवणार? त्याला पेटी नाही, खुंटी नाही, शेजारी नाही. दिवसभर तो गाड्यांतून रिकाम्या बाटल्या वेचतो. एवढे जड पांघरूण काखेत घेऊन धावत्या गाडीत कसे चढणार? टाकून गेला तर संध्याकाळी ते जागेवर असणार नाही. आठ दिवसांनी मी पुन्हा तेथे गेलो. बारांपैकी दोनच गोधड्या दिसल्या. त्यातली एक दवाने भिजून एका भिंतीशी पडली होती. कापसाची गोधडी एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही, हे ओसरीवर बसून शिवणाऱ्या आम्हा कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

काही जण म्हणाले, "त्या मुलांना किंमतच नाही." हे मला मुळीच पटले नाही. किंमत त्या मुलाला होती, म्हणूनच त्याने ती कुठे ठेवू असे विचारले. चूक आमची होती. आम्हाला काय द्यायचे आहे ते आम्ही ठरवले होते. त्याला काय हवे आहे, ते विचारले नव्हते.

दान करताना ही चूक फार मोठ्या प्रमाणावर होते. दिल्लीत अंशू गुप्ता यांनी १९९९ साली घरातले ६७ कपडे घेऊन 'गूंज' ही संस्था सुरू केली. तिच्या कामासाठी त्यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधी, पत्रकारितेच्या दिवसांत, दिल्लीच्या रस्त्यांवरून बेवारस प्रेते उचलणाऱ्या एका माणसाबरोबर ते फिरले होते. हिवाळ्यात त्याचे काम वाढते, हे त्यांना तेव्हा कळले. आपण म्हणतो, माणसे थंडीने मेली. खरे म्हणजे ती कपड्यावाचून मरतात. याच संस्थेला २००४ च्या त्सुनामीनंतर दुसरे दृश्य दिसले. देशभरातून लोकांनी पाठवलेल्या कपड्यांचे ढीग तामिळनाडूत रस्त्याच्या कडेला पडून होते. फाटके, मळलेले, तेथे कोणी घालत नाही असे. अडगळ बाहेर काढणे आणि मदत करणे यांतला फरक त्या ढिगांनी दाखवला. आपल्याला जे प्रिय आहे त्यातून खर्च करावा, अशी कुरआनची शिकवण आहे. दीनियातच्या तासाला तुम्ही ती वाचली असेल. मग ज्या चादरीवर आपण स्वतः झोपणार नाही, तिची गोधडी दुसऱ्याच्या मुलाला कशी देता येईल?

अमेरिकेत डेन्व्हर शहरात १९९५ साली कॅरेन लाउक्स या बाईंनी आजारी मुलांसाठी पांघरुणे शिवण्याचे काम सुरू केले. 'प्रोजेक्ट लिनस' असे त्याचे नाव. सदैव आपले पांघरूण हातात घेऊन फिरणारा लिनस नावाचा मुलगा तेथील एका चित्रमालिकेत आहे, त्यावरून ते घेतले. आता त्या देशभर स्वयंसेवक हे काम करतात. त्यांचा नियम असा की पांघरूण हाताने केलेले, नवे आणि धुता येण्यासारखे असावे. 'धुता येण्यासारखे' ही अट ज्याने घातली, त्याने मुलाचा विचार केला आहे, असे मला वाटते.

मग कोणी विचारील, बाजारात घोंगडी, ब्लँकेटे मिळतात. वर्गणी काढून शंभर विकत घ्यावीत, शिवत बसायचे कशाला? यात तथ्य आहे. आज रात्री शंभर मुले कुडकुडत असतील तर आज विकतच आणावीत. कोणी शिवत बसू नये. विकतचे हलके असते, लवकर वाळते, गुंडाळून पिशवीत मावते. फलाटावरच्या मुलाला तेच बरे. पण ज्या मुलाला छप्पर मिळाले आहे, बालगृहात किंवा वसतिगृहात ज्याची एक खाट आणि एक खण आहे, त्याच्यासाठी गोधडी शिवावी. कारण तेथे सगळ्यांची ब्लँकेटे एकाच रंगाची असतात. पन्नास मुलांत प्रत्येकाची गोधडी निराळी असेल, तर ही माझी आहे असे तो दाखवू शकतो. घर नसलेल्या मुलाजवळ 'माझे' म्हणण्यासारख्या वस्तू फार थोड्या असतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले चाळीसगाव, साक्री या भागांतून ऐन थंडीत परगावी जातात आणि पाचटाच्या कोपीत झोपतात. त्यांच्याजवळ निदान पत्र्याची पेटी असते. त्यांनाही गोधडी उपयोगी पडते.

अमळनेरच्या शाळेत साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजारी मुलाची शुश्रूषा करणे ही कामे ते स्वतः करीत. कोणत्या मुलाला काय हवे, हे त्यांना माहीत असे, कारण ते त्या मुलांतच राहत. आम्ही मात्र भुसावळला तासभर थांबलो होतो.

आणि त्या तासात आम्ही छायाचित्र काढले. गोधडी हातात धरून मुले ओळीने उभी, मागे आम्ही. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे लहानपणापासून ऐकलेले मी त्या वेळी विसरलो. तुमचे छायाचित्र तुमच्या फाटक्या शर्टात कोणी वर्तमानपत्रात छापले तर तुम्हाला आवडेल का? तो मुलगा मोठा होईल, कोठे तरी नोकरीला लागेल. त्या छायाचित्रात त्याचा चेहरा तसाच राहील. मी ते फाडून टाकले, पण तोपर्यंत ते पुष्कळांनी पाहिले होते.

फलाटावर एकटे मूल दिसले तर पांघरुणाच्या आधी आणखी एक गोष्ट करता येते. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या जेरू बिलिमोरिया यांनी 'चाइल्डलाइन' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १०९८. ती आता शासनामार्फत चालते आणि त्या क्रमांकाला पैसे पडत नाहीत. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे निराधार सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. मग त्याचे घर शोधतात, किंवा राहण्याची सोय करतात. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझ्या मते बारा गोधड्यांपेक्षा त्या रात्री एक दूरध्वनी अधिक उपयोगी पडला असता.

मुलगे आता म्हणतील, शिवणे हे बायकांचे काम. मग तुमचा ईदचा कुर्ता कोणी शिवला? शिंपी पुरुष, पिंजारी पुरुष, शाल दुरुस्त करणारा रफूगार पुरुष. पैसे मिळणार असले की सुई पुरुषाच्या हातात शोभते आणि घरात फुकट शिवायचे असले की ती अम्मीची होते, हा न्याय मला समजत नाही. आमच्या नववीच्या वर्गातली तीन मुले गेल्या हिवाळ्यापासून ओसरीवर येऊन बसतात. त्यांचे टाके माझ्यापेक्षा सरळ आहेत.

यंदा आम्ही आधी एका बालगृहात जाऊन आलो. तेथील मुलांशी बोललो. एकाला हिरवा रंग हवा, एकाला मुळीच फुले नकोत, एका लहानग्याला आपल्या नावाचे पहिले अक्षर हवे. तेथील बाईंनी सांगितले की फार जड करू नका, बादलीत बुडाली पाहिजे. म्हणून यंदा कापूस घातला नाही, केवळ चार थर. लांबी पाच हात, रुंदी तीन हात. मागवल्या आहेत अकरा. सात झाल्या. आठवी हिरवी आहे, तिचा मधला भाग अम्मीने काल पुरा केला. कोपऱ्यांवर सिद्दी लोकांसारखी फुले लावायची आहेत. त्यासाठी हिरवी चिंधी कमी पडते आहे. कोणाच्या घरी असेल तर शुक्रवारपर्यंत धुऊन आणावी.