परकं कोण, आणि ओळखणार कोण?



मागच्या हिवाळ्यात मी खाडीवर कालवं फोडणाऱ्या बायकांसोबत चार दिवस काढले. खडकावरचं चामड्यासारखं एक बोंड दाबलं, तर पाण्याची चिळकांडी थेट माझ्या चष्म्यावर! सगळ्या हसल्या. हे काय, विचारलं, उत्तर आलं, "काही नाही, कचरा."

या 'कचऱ्या'ला सी-स्क्वर्ट म्हणतात. एका तोंडाने पाणी आत घ्यायचं, गाळून खायचं, दुसऱ्या तोंडाने सोडायचं. जहाजांच्या बुडाला चिकटून हे प्राणी जगभर फिरतात. इथला कोणता, परका कोणता, हे वरवर बघून कळत नाही. अंग उघडून कल्ले, आतडी तपासावी लागतात. इंग्लंडात प्लिमथजवळ 1953 मध्ये सापडलेल्या प्राण्याला नवी जात समजून नावही दिलं गेलं. तो निघाला कोरिया-जपानकडचा!

या किचकट कामात बायकांचा मोठा वाटा आहे. ऑस्ट्रेलियाच्या पॅट्रिशिया कॉट, फ्रान्सच्या फ्रान्स्वाज मोनिओ, तुतिकोरिनच्या व्ही. के. मीनाक्षी. आपल्यापैकी किती जणींनी ही नावं ऐकली आहेत?

पण मला बोलायचंय ते हिरोशिमाबद्दल. तिथे बंद शेडमध्ये बसून बायका कालवं फोडत. शिंपल्यांवर चिकटलेले सी-स्क्वर्टही फुटत, त्यांच्या अंगातलं पाणी बारीक तुषार होऊन श्वासात जाई. अनेकींना दमा लागला. 1960 च्या दशकात डॉक्टरांनी कारण शोधलं. जपानीत या प्राण्याला 'होया' म्हणतात, म्हणून आजाराचं नाव 'होया दमा'. म्हणजे शिंपल्यावर काय चिकटलंय हे ओळखणं हा बाईच्या फुप्फुसाचाही प्रश्न आहे.

'परकं' या शब्दाशी मात्र मी अडखळते. लग्न होऊन आलेल्या बाईला आयुष्यभर परक्या घरची म्हणणारा आपला समाज. बाहेरून आलेलं प्रत्येक जण शत्रू नसतं, आणि त्या मुक्या जिवाने तिकीट काढलेलं नसतं. त्याला आणतो जहाजांचा व्यापार. बुडं साफ ठेवण्याचा खर्च टाळायचा मालकांनी, आणि कालवांवरचा थर खरवडत बसायचं बायकांनी. जाब विचारायचा तो इथे.

म्हणून माझं म्हणणं असं: किनाऱ्याची पाहणी होईल तेव्हा रोज खडकावर बसणाऱ्या बायकांना त्यात घ्या, आणि त्या वेळेची मजुरी द्या. नवं काही आलं तर पहिल्यांदा त्यांच्याच हाताला लागणार. चित्रांसह माहिती मराठीत छापा. आणि आरोग्य शिबिरात खोकणाऱ्या बाईला विचारा, "काम काय करतेस?" हा साधा प्रश्न आपणही विचारायला विसरतो.

तुमच्या गावच्या खडकावर काय दिसतं? तुमच्याकडे त्याला नाव आहे का? जरूर कळवा.