रंजक आणि बार

एका नव्या कवयित्रीच्या पहिल्या संग्रहाचे परीक्षण करताना एका टीकाकार महाशयांनी नुकताच असा शेरा मारला की, हा ‘कढईतला भडका’ न ठरो म्हणजे मिळवली. ‘फ्लॅश इन द पॅन’ या इंग्रजी वाक्प्रचाराचे हे म्हणे भाषांतर! पॅन दिसले की यांना स्वयंपाकघर आठवते. दुसरे काही पंडित कॅलिफोर्नियातल्या सोने धुणाऱ्यांची परात पुढे करतात. पण तिथे सोने सापडून झुंबड उडाली ती १८४८ नंतर. आणि एल्काना सेटल हा नाटककार ड्रायडनच्या नाटकांवर तुटून पडताना हा वाक्प्रचार १६८७ मध्येच वापरून मोकळा झाला होता.

हे पॅन बंदुकीचे आहे. चकमकीच्या बंदुकीत नळीच्या कानाशी, बाहेरच्या अंगाला, एक वाटीवजा खळगा असे. त्यात चिमूटभर दारू घालीत. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटे, ठिणग्या त्या दारूवर पडत आणि भडका कानातून आत शिरून नळीतली मुख्य दारू पेटवी. कान चोंदलेला असला किंवा आतली दारू सर्दावलेली असली, तर बाहेर नुसता झगझगाट. गोळी जागच्या जागी! त्या चिमूटभर दारूला मराठीत रंजक म्हणतात. (मनोरंजनाशी हिचा संबंध नाही, हे सांगून ठेवलेले बरे.) मग ‘रंजक उडाली, बार झाला नाही’ असे सरळ म्हणायला कोणाची परवानगी हवी?

कोणी म्हणेल, इंग्रजसुद्धा हल्ली हा वाक्प्रचार चार दिवसांच्या यशालाच लावतात. लावोत बापडे! त्यासाठी आपल्याकडे तेरडा आहे. त्याचा रंग तीन दिवसांचा का होईना, पण तेरडा फुललेला असतो. रंजक उडण्यात मुळी काही साधलेलेच नसते. हा भेद पुसला की लेखकावर अन्याय होतो. एमिली ब्राँटेची एकच कादंबरी १८४७ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी ती वारली. दुसरा बार झाला नाही म्हणून ‘वदरिंग हाइट्स’ हा काय नुसता झगझगाट?

आमच्या कवयित्रीचा संग्रह महाशयांच्या हातात होता. तो वाचून बार झाला की नाही, एवढे त्यांनी सांगायचे होते. पुढच्या बाराचे भविष्य त्यांना कोणी विचारले होते?