स्पर्श आणि नायकपद

मार्च महिन्यातील दोन दिवस एकमेकांना लागून येतात, आणि हे शेजारपण केवळ योगायोगाचे असले तरी विचार करणाऱ्या माणसाला ते अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहस्रावधी अनुयायांसह चवदार तळ्याच्या काठी गेले आणि त्यांनी त्या तळ्याचे ओंजळभर पाणी प्राशन केले. आणि २१ मार्च १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे, कृष्णवर्णीयांनी सदासर्वकाळ जवळ बाळगावयाच्या परवान्यांच्या कायद्याविरुद्ध निदर्शने करणाऱ्या निःशस्त्र जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडून ६९ माणसे ठार केली, ज्यांच्या स्मरणार्थ संयुक्त राष्ट्रसंघाने पुढे तो दिवस वांशिक भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून मुक्रर केला. परदेशातील काही विद्यापीठांत वांशिक न्यायाचा उत्सव आता व्याख्यानमंडपातून बाहेर पडून क्रीडांगणावर आला आहे, आणि तेथे निरनिराळ्या वर्णांचे विद्यार्थी एकाच संघातून खेळून तो साजरा करतात, हे मला मनापासून आवडले. आणि आवडले म्हणूनच असे वाटले की, हा उत्सव जर कोठे मुळापासून शोभून दिसावयाचा असेल तर तो छत्रपती संभाजीनगरात, आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या मैदानावर.

असे म्हणण्यास आधार आहे. ज्या नगरात हे विद्यापीठ उभे आहे त्याचा पायाच मुळी आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेल्या एका पुरुषाने घातला. मलिक अंबर हा हबसाणातील, म्हणजे आजच्या इथिओपियातील. लहानपणी विकला गेलेला, हातोहात फिरत बगदादमार्गे दख्खनेत येऊन पोहोचलेला, आणि येथे आपल्या कर्तृत्वाने निजामशाहीचा सर्वाधिकारी झालेला. त्याने १६१० साली खडकी वसविली, दूरच्या झऱ्यांचे पाणी भूमिगत नहरीने शहरात खेळविले, जमिनीची पाहणी करून महसुलाची अशी घडी बसविली की तिचे नाव पुढील अनेक पिढ्यांच्या दप्तरांतून आदराने घेतले गेले. १६२४ मध्ये भातवडीच्या रणांगणावर त्याने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा मोड केला, तेव्हा त्याच्या बाजूने हबशी होते, दक्खनी मुसलमान होते आणि शहाजीराजांसारखे मराठे सरदारही होते; शहाजीराजांचे बंधू शरीफजी तर त्याच लढाईत कामास आले. निरनिराळ्या वंशांची, धर्मांची आणि मुलखांची माणसे एका नायकाच्या विश्वासावर एकदिलाने लढतात, आणि तो नायक एके काळचा गुलाम असतो, ही गोष्ट या नगराच्या जन्मकथेतच लिहिलेली आहे. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे. आमच्या शहरातील किती विद्यार्थी ती पाहावयास जातात, हे विचारण्याचे धाडस मी करीत नाही.

दुसरा आधार याच नगरातील नागसेनवनाचा. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय काढले. त्याच्या वास्तूची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी बसविली. आणि पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ख्यातकीर्त झालेल्या या विद्यास्थानात, ज्यांच्या घराण्यात शतकानुशतके अक्षराचा प्रवेश निषिद्ध होता, अशांची मुले खेड्यापाड्यांतून येऊन राहू लागली. याच परिसरात अमेरिकेत शिकून आलेल्या प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी तेथील कृष्णवर्णीय लेखकांची ओळख आमच्या तरुणांना करून दिली, याच परिसरात गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने दलित साहित्याला आपले हक्काचे व्यासपीठ दिले. जात आणि वंश या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही हे स्वतः बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात साधार मांडलेले आहे. ते विसरून दोहोंची सरमिसळ करणे बरे नव्हे. परंतु त्याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य आवर्जून नमूद केले होते. रोगाचे निदान वेगळे असले तरी वेदना ओळखीची असते.

आणि विद्यापीठाचे नाव? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यात जे घडले ते आठवताना आजही मान खाली जाते: वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांचे प्राण गेले, कित्येक कुटुंबे गाव सोडून परागंदा झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला तेव्हा मधे सुमारे साडेपंधरा वर्षे लोटलेली होती. त्या दिवशी दरवर्षी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जो जनसमुदाय लोटतो, त्या कमानीला हात लावून कपाळाशी नेतो, तो कोणत्याही परीक्षेस बसणारा नसतो. त्यात म्हाताऱ्या बाया असतात, शेतमजूर असतात, आणि त्या कमानीचे खरे मोल आम्हां पदवीधरांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते.

आता खेळाकडे वळतो, कारण मला सांगावयाची मुख्य गोष्ट तेथे आहे.

खेळाने माणसे जवळ येतात असे आपण सहज म्हणतो. ते खरे आहे, पण अर्धे. क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांचे चरित्र ज्याने लक्षपूर्वक वाचले असेल त्याला उरलेले अर्धे ठाऊक असते. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यास युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदान झाडीत, खेळपट्टीवर रूळ फिरवीत आणि गोऱ्या साहेबांच्या सरावासाठी तासन्‌तास डाव्या हाताने चेंडू टाकीत. फळी हाती धरावयास मात्र तेथे त्यांना कोणी सांगत नसे. त्यांच्या गोलंदाजीचा लौकिक वाढला तेव्हा पुण्याच्या हिंदू संघाला त्यांना घेणे भाग पडले, आणि मग असे दृश्य दिसू लागले की, मैदानावर ज्याच्या हातातला चेंडू सवर्ण खेळाडू आपल्या हातात निःसंकोच झेलीत, त्याला चहाच्या वेळी मंडपाबाहेर उभे राहून मातीच्या पात्रात चहा दिला जाई आणि आतली मंडळी चिनी मातीच्या पेल्यांतून तोच चहा घेत. त्याचे जेवण वेगळे, ताट वेगळे, तोंड धुवावयास पाणी देणारा गडीही अस्पृश्यच. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता. ज्याच्या बळावर जय मिळवावयाचा त्याला पाण्यासाठी ताटकळत ठेवणाऱ्या त्या मंडळींपैकी कितीजण स्वतःस देशभक्त म्हणवीत असतील, हा प्रश्न मनात आला की आजही संताप होतो.

मुंबईस आल्यावर स्थिती थोडी पालटली. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला त्या संघात बाळू होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखाली इंग्लंडास गेलेल्या संघातून त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, आणि तेही त्या दौऱ्यात बहुतेक सहकारी निष्प्रभ ठरत असताना. गुणांत, वयात, अनुभवात त्यांच्या तोडीचा दुसरा नसताना हिंदू संघाचे नायकपद मात्र त्यांच्याकडे रीतसर कधीच आले नाही. चेंडू टाकण्याचा अधिकार मिळाला, पंक्तीत बसण्याचाही हळूहळू मिळाला. पण हुकूम देण्याचा आणि इतरांनी तो पाळण्याचा प्रसंग आला की सगळ्यांचे औदार्य एकाएकी आटून जाई. १९२० मध्ये नायकपदाच्याच प्रश्नावरून त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीरपणे आपला निषेध नोंदवून संघातून माघार घेतली. शेवटी १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे नायक झाले, त्यांच्या नायकत्वाखाली संघाने युरोपियनांना अंतिम सामन्यात हरविले, आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. ज्या खांद्यांनी एके काळी त्या घराण्याची सावलीही टाळली असती, त्या खांद्यांनी. मला वाटते, या देशातील क्रीडेच्या इतिहासात न्यायाची जी मोठी पाने आहेत त्यांत हे एक अग्रगण्य आहे, आणि ते आमच्या शालेय पुस्तकांत ठळकपणे असावयास हवे.

पुढे राजकारणात बाळू आणि बाबासाहेब यांचे मार्ग वेगळे झाले. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाळू काँग्रेसच्या वतीने बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. हे झाकून ठेवण्याचे काही कारण नाही. मतभेद हा अपराध नव्हे, आणि बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठाने बाळूंचा गौरव केला तर त्यात बाबासाहेबांच्या विचाराला बाध येतो असे मानणे म्हणजे त्या विचाराला लहान करणे होय.

बाहेरच्या जगातही न्यायाची वाट अशाच पायऱ्यांनी चढली गेली. अमेरिकेत जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत उतरला ती पहिली पायरी; कृष्णवर्णीय माणूस त्या स्पर्धेत एखाद्या संघाचा व्यवस्थापक व्हावयास १९७५ साल उजाडावे लागले. आणि आपल्या देशाविषयी अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे: १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारतापुढे दक्षिण आफ्रिका होती, चषक हाती येण्याची शक्यता होती, आणि वर्णविद्वेषी राजवटीच्या संघाशी खेळावयाचे नाही म्हणून भारताने तो सामना सोडून दिला.

थंडीच्या दिवसांत सकाळी विद्यापीठाच्या मैदानाकडे गेले की, लेण्यांच्या डोंगराकडून गार वारा येत असतो आणि खो-खोच्या मैदानावर पाणी मारून धूळ बसविलेली असते. आठ मुली पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या असतात आणि नववी धावत असते. या खेळाचे नियम ज्याने केले असतील त्याला मी मनोमन वंदन करतो. धावणारीला मध्येच दिशा बदलता येत नाही, दोन बसलेल्यांमधून पलीकडे जाता येत नाही. म्हणून ती कितीही चपळ असली तरी एकटीने तिचा निभाव लागत नाही, आणि तिला आपल्या सोबतिणीच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ द्यावाच लागतो. हात लागला नाही तर खो नाही. ज्या भूमीत स्पर्शाचा विटाळ मानला गेला त्याच भूमीतला हा खेळ स्पर्शावाचून एक पाऊल पुढे सरकत नाही. आणि कबड्डीत तर चढाई करणाऱ्याला कोंडीत पकडावयाचे म्हणजे हातात हात गुंफून साखळीच धरावी लागते. त्या मुलींच्या पाठीवर मातीचे पंजे उमटलेले असतात. कोणाचा पंजा कोणत्या पाठीवर, हे तेथे कोणी विचारीत नाही, आणि खेळ संपल्यावर एका घागरीवर सगळ्या झुंबड करतात.

स्पर्शाची पायरी आम्ही खेळात तरी बरीचशी ओलांडली आहे. नायकपदाची पायरीही चढणे सुरू झाले आहे, आणि आनंदाची गोष्ट अशी की त्यात आमच्या मराठवाड्याच्या मुली पुढे आहेत: धाराशिवच्या सारिका काळे यांनी भारतीय खो-खो संघाचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झालेल्या पहिल्या विश्वचषकात विजयी ठरलेल्या भारतीय महिला संघाच्या नायिका प्रियंका इंगळे या मूळच्या बीड जिल्ह्यातील. ज्या गावांतून मुलीला तालुक्याला पाठवावयाचे म्हटले तरी घरात खलबते होतात, त्या मुलखातून देशाच्या संघाला नायिका मिळतात, हे किती मोठे आहे याची जाणीव आम्ही मराठवाड्यातील माणसांनी अजून पुरेशी ठेवलेली नाही.

म्हणून माझी कुलगुरूंना आणि व्यवस्थापन परिषदेला अशी दरखास्त आहे की, येत्या वर्षापासून २० आणि २१ मार्च हे दोन दिवस विद्यापीठाने समतेचे क्रीडादिन म्हणून पाळावेत. खो-खो, कबड्डी आणि क्रिकेट यांचे सामने व्हावेत. संघ महाविद्यालयवार न करता छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चारही जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या आणि येथे शिकावयास आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून करावेत. प्रत्येक सामन्याला नायक नवा असावा आणि तोही चिठ्ठीनेच ठरावा, जेणेकरून ज्याला जन्मात कधी कोणी पुढे हो असे म्हटले नाही त्यालाही एकदा संघ चालवून पाहता येईल. पंगत एकच असावी. आणि क्रिकेटच्या चषकाला पालवणकर बंधूंचे नाव द्यावे. मार्च हे परीक्षांचे दिवस आहेत, उन्हेही तापू लागलेली असतात, हे मी जाणतो. सामने सकाळी सहा ते नऊ या वेळात उरकता येतील, आणि खर्च म्हणाल तर चुना, चेंडू आणि जेवण यांपलीकडे फार मोठी तरतूद लागणार नाही. ज्या वाचकांना ही सूचना पटत असेल त्यांनी आपल्या महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांना या आठवड्यातच तसे एक पत्र लिहावे.