लिंबाच्या पानांचे वाटेकरी

महाराष्ट्राने २०१५ साली ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्यफुलपाखराचा मान दिला, असा मान देणारे हे देशातील पहिलेच राज्य. परंतु शासनाच्या घोषणेने अळीचे पोट भरत नाही. या फुलपाखराची मादी अंडी घालते ती लिंबू, पपनस अशा झाडांच्या पानांवर. घरच्या बागेसाठी रोप निवडताना याचा विचार क्वचितच होतो. पसंती मिळते ती कीड न लागणाऱ्या शोभेच्या झाडांना. ज्या पानाला कोणीच तोंड लावत नाही, ते प्लास्टिकचे असले तरी काय बिघडले? लिंबू लावलेच, तर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पाहताच फवारणीचा पंप बाहेर निघतो. वस्तुतः वाढलेले झाड चार अळ्यांनी मरत नाही. त्याला पुन्हा पालवी फुटते. रोप अगदीच कोवळे असेल, तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर ठेवाव्यात. कुंडीतल्या लिंबाला खरा धोका आहे तो मायेपोटी रोज ओतल्या जाणाऱ्या पाण्याचा. तळाचे छिद्र मोकळे हवे, भरपूर ऊन हवे. कढीपत्त्याचेही तेच. त्याच्यावर येते ती ‘कॉमन मॉरमॉन’ची अळी, तिच्या वाट्याची डहाळी सोडूनही फोडणीला पाने पुरतात.